बामणोलीची बोट आणि कोयनेचं पाणी: नक्की जा, पण एकदा धरणाच्या खालची नदी पण बघा

बामणोलीहून वासोटा किल्ल्याला जाणारी बोट कशी आहे, फॅमिलीला घेऊन जावं का, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते. थोडक्यात सांगायचं तर बोट चांगली, माणसं चांगली, जेवण एक नंबर. पण मी कराडची आहे, आणि ज्या पाण्यावर ही बोट चालते ते कोयना धरणात अडवल्यावर खाली नदीचं काय होतं हे आम्ही लहानपणापासून बघतोय, त्यामुळे बोटीबरोबर पाण्याचा पण रिव्ह्यू होणार आहे. ज्यांना फक्त ट्रिपची माहिती पाहिजे त्यांनी पहिले काही पॅरा आणि एकदम शेवटचा वाचा, बाकीच्यांनी प्लीज पूर्ण वाचा, कारण हे लिहायचं कधीपासून डोक्यात होतं.

तर साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जायचं. रस्ता घाटाचा आहे पण चांगला आहे, कास पठार मागे टाकून उतार लागला की डाव्या-उजव्या हाताला शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, दिसायला लागतो आणि गाडीतले सगळे एकदम गप्प होतात. बोटी बामणोलीहून सुटतात, शेंबडी आणि मुनावळ्याहून पण मिळतात. वासोटा अभयारण्यात येतो म्हणून वनखात्याची परवानगी लागते, आधार कार्ड जवळ ठेवा. आमच्या बॅगा तपासून बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं मोजून लिहून घेतली आणि येताना परत मोजली, हे मला फार आवडलं, असं प्रत्येक किल्ल्यावर व्हायला पाहिजे.

बोटीचा रेट माणशी नसतो, पूर्ण बोटीचा असतो, म्हणून दहा-बाराचा ग्रुप असेल तर परवडतं. तुम्ही चौघंच असाल तर काठावर थोडं थांबा, दुसरी चौघं मिळतातच. लाईफ जॅकेट असतात पण स्वतःहून मागून घाला, आणि घातल्यावर क्लिप नीट लागतेय का बघा, माझ्या पुतण्याच्या जॅकेटची एक क्लिप तुटलेली होती, सांगितल्यावर बोटवाल्या मामांनी लगेच बदलून दिलं. इंजिनाचा आवाज मोठा आहे, पुढच्या बाकावर बसा म्हणजे बोलता येतं. जायला एक-दीड तास लागतो. किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर भरपूर लिहिलेलं मिळेल, एवढंच सांगते की जंगल दाट आहे, चढण दमवणारी आहे आणि वरून बाबुकड्याकडे बघितलं की सगळं फिटतं.

जेवण येताना बामणोलीत. सकाळी जातानाच ऑर्डर देऊन ठेवायची. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि ज्यांना पाहिजे त्यांना तळलेला मासा. मासा ताजा होता, मसाला बेताचा, तेल कमी, मुलांनी परत मागून घेतला. मी काकूंना विचारलं कुठला मासा, तर म्हणाल्या चिलापी. कटला पण मिळतो म्हणे कधीकधी. म्हटलं पूर्वीचा नदीतला मासा? खडस वगैरे? काकू म्हणाल्या, "ताई, ते सासूबाईंच्या तोंडून ऐकलंय फक्त." चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला, कटला गंगेकडचा, दोघंही साठलेल्या पाण्यात मस्त वाढणारे. खडस म्हणजे आपला महाशीर, त्याला वाहतं, गार, दगडगोट्यांतलं पाणी लागतं. नदीचा तलाव झाला की ताटातला मासाच बदलतो, हे मी वाचलेलं होतं पण ते असं ताटात समोर आलं.

आता परत बोटीत चला, कारण खरी गोष्ट तिथेच कळते. पाणी आणि जंगल यांच्या मधे सगळ्या काठाने एक उघडा, तांबडा पट्टा दिसतो, त्यावर गवत नाही, झुडूप नाही, फक्त चिखल वाळून पडलेल्या भेगा आणि मधेच एखादा काळा पडलेला बुंधा. पावसाळ्यात पाणी पार झाडीला टेकतं आणि उन्हाळ्यापर्यंत खूप खाली जातं, त्यामुळे त्या पट्ट्यात ना पाण्यातलं काही जगतं ना जमिनीवरचं. नदीचा काठ म्हणजे करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज, त्यांच्या मुळांत मासे, खेकडे, वर खंड्या. तसा काठ इथे कुठेच नाही. पाणी ओसरल्यावर काही ठिकाणी लोक गाळपेर करतात, ओल्या गाळात पिकं घेतात, पण ती सुद्धा पाणी किती आणि कधी उतरेल यावर.

बोटवाल्या मामांनी मधेच इंजिन हळू करून एका बाजूला हात दाखवला, म्हणाले आजोबांचं शेत ह्याच्या खाली, भाताची खाचरं होती. आवाजात तक्रार नव्हती, नुसतं दाखवलं. मग म्हणाले, "आता ह्याच पाण्यावर पोट आहे ताई, वाईट कसं म्हणू?" ह्या खोऱ्यातली गावंच्या गावं उठली, लोक सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगले, आणि साठ वर्षं झाली तरी कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांची जमिनीसाठीची आंदोलनं चालू आहेत. मला वाटतं धरणाच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूला पहिली ओळ ह्याच लोकांची पाहिजे. नदी दुसरी.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोयनानगरला गेलो. धरणावर जाऊ देत नाहीत, बरोबरच आहे, पण नेहरू उद्यानातून भिंत समोर दिसते. उद्यान स्वच्छ, तिकीट माफक, मुलांना पळायला जागा, धरणाबद्दलचे फोटो आणि माहिती बघायला मिळते. भिंत १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरच्या वर लांब. साठवण १०५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). बघून खरंच ऊर भरून येतो, त्या काळात आपल्या माणसांनी हे उभं केलं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात जवळपास पावणेदोनशे माणसं गेली, भिंतीला तडे गेले, तरी ती उभी राहिली आणि नंतर मजबूत केली. तो भूकंप जलाशयामुळेच ओढवला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, जगात ह्या प्रकारचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून कोयनेचंच नाव घेतात. माहिती बघताना हा भाग मुलांना जरूर सांगा.

आता विजेचं. कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॉट, त्यातला चौथा टप्पा एकटा १००० चा. कोयनेचं पाणी मूळ पूर्वेला वाहतं, कराडला कृष्णेत मिळतं. पण सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून ते पश्चिमेला कोकणात पाडलं की साधारण पाचशे मीटरची उंची मिळते. ह्यातच सगळी मेख आहे. गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या, तेवढं पाणी पाचशे मीटर खाली पाडलं की ढोबळमानाने सव्वा युनिट वीज होते. तेच हजार लिटर धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून पूर्वेला नदीत सोडलं तर साधारण त्याच्या सहाव्या भागाएवढीच. म्हणून वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायची मुभा आहे, आणि वीजवाल्यांच्या हिशोबाने पूर्वेला सोडलेला प्रत्येक थेंब म्हणजे तोटा.

आणि ही वीज साधी नाही बरं का, हे पर्यावरणवाल्या आमच्या ग्रुपमधे लोक विसरतात. संध्याकाळी सात वाजता सगळ्या राज्यात एकदम दिवे, टीव्ही, एसी, मोटारी चालू होतात, सोलर तेव्हा झोपलेलं असतं, कोळशाचं युनिट थंड असेल तर गरम करून चालू करायलाच कित्येक तास जातात. पाण्याचं टर्बाईन काही मिनिटांत फुल लोडला येतं आणि तसंच बंद पण होतं. अचानक कुठे मोठं युनिट ट्रिप झालं तर ग्रिड सावरायला कोयनाच धावते. धूर नाही, राख नाही. जलाशयात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून मिथेन निघतो हे खरं आहे, पण कोळशाशी तुलना केली तर एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्याची वीज कुठल्या कुठे चांगली. त्यामुळे कोयना धरण नकोच होतं असं मी म्हणत नाही आणि म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. परवा एकीने अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीचं उदाहरण दिलं, तिथली चार धरणं २०२४ पर्यंत पाडली आणि काही आठवड्यांत सामन मासे वर पोचले. मी पण ते वाचून खूप खूश झाले होते. पण ती धरणं वीज कमी द्यायची, शेतीचं पाणी त्यांच्यावर नव्हतं. कोयनेवर आमच्या भागाची शेती आहे, टेंभू-ताकारीच्या उपसा सिंचन योजना कोयनेच्या पाण्यावर बघून असतात, २०२३ ला पाऊस कमी पडला तेव्हा सांगलीला पाणी सोडण्यावरून केवढा वाद झाला आठवा. इथे धरण पाडायची भाषा करणं म्हणजे खऱ्या प्रश्नाला बगल देणं.

खरा प्रश्न काय ते सांगते. कराडला कोयना-कृष्णेच्या प्रीतीसंगमावर उभं राहिलं की कोयनेला पाणी असतंच, उन्हाळ्यात सुद्धा असतं, बाहेरच्या माणसाला वाटेल छान वाहतेय की नदी. पण ते पाणी येतं सिंचनाच्या मागणीप्रमाणे, धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातलं एक युनिट (टर्बाईन) चालू केलं तर १०५० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट), दोन्ही चालू केली तर २१००. मागणी आली की सोडलं, संपली की बंद. एप्रिलमधे जेव्हा नदी बारीक असायला पाहिजे, वाळूचे पट्टे उघडे पडून टिटव्या अंडी घालतात, तेव्हा पाणी चढतं. आणि जूनमधे जेव्हा पहिल्या पावसाचं गढूळ पाणी खाली यायला पाहिजे तेव्हा धरण भरायचं असतं म्हणून दरवाजे बंद. चढणीचे मासे त्या पहिल्या गढूळ लोंढ्याचीच वाट बघत असतात, तो वास, तो गारवा, तो जोर मिळाल्याशिवाय ते वर चढत नाहीत आणि अंडी घालत नाहीत. आमच्या आजोबांच्या बोलण्यात मृगाचा पाऊस आणि चढणीचे मासे हे जोडूनच यायचं. आता कोयनेच्या पात्रात जो काही पहिला लोंढा येतो तो धरणाच्या खाली मिळणाऱ्या केरा, मोरणा, वांग ह्या नद्यांचा. आणि त्यातल्या मोरणेवर पण गुरेघरचं धरण झालं, वांगेवर मराठवाडीचं. म्हणजे माशांना उरलेल्या वाटा पण एकेक करून बंद होतायत, आणि ह्याची बातमी कुठे येत नाही.

वरून गाळ आणि वाळूपण धरणात अडकते. खाली निवळ पाणी येतं ते काठ खातं, आणि वाळू मागून येत नाही. त्यात उपसा करणाऱ्यांनी उरलीसुरली नेली. मग ऑगस्टमधे धरण भरलं की एकदम दरवाजे उघडतात, २०१९ ला काय झालं ते सांगली-कोल्हापूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. पूर फक्त कोयनेमुळे आला असं मी म्हणणार नाही, त्या आठवड्यात सगळीकडेच तुफान पाऊस होता, पण नदीला जून-जुलैत काहीच नाही आणि मग एका आठवड्यात सगळं, हे चक्र नदीचं नाही, आपलं आहे.

आणि पश्चिमेचं वेगळंच. माझी आत्या चिपळूणला असते. पोफळी-अलोऱ्याहून वीज करून बाहेर पडलेलं पाणी वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत. कोकणातली नदी मे महिन्यात आटून डोहाडोहांत राहणारी, तिथे वर्षभर बाहेरचं पाणी, आणि ते पण विजेच्या मागणीप्रमाणे दिवसात चढणार-उतरणार. आत्याकडे पाण्याचा तुटवडा नाही ही जमेची बाजू, एमआयडीसीला पाणी मिळतं, गावांना मिळतं. पण खाडीत गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा जो मेळ भरती-ओहोटीवर बसलेला असतो त्यावरच मुळे-तिसऱ्यांसारखे शिंपले आणि कोळंबीची पिल्लं जगतात, आणि त्यात रोज एवढं गोडं पाणी ओतलं की तो बिघडणारच. तिथल्या भोई लोकांना कारखान्यांच्या सांडपाण्याचा त्रास वेगळा, दोन्हीत कशाने किती नुकसान हे कोणी वेगळं करून सांगत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात आत्याच्या घरात पाणी गळ्याशी आलं होतं. वरून पाणी सोडल्यामुळे की अतिवृष्टी, भरती आणि नदीतल्या गाळामुळे, ह्यावर चिपळुणात आजही दोन गट आहेत. गाळ काढावा म्हणून लोकांना साखळी उपोषण करावं लागलं, एवढं मात्र सगळे मान्य करतील.

मग करायचं काय? मी एक साधा हिशोब मांडला, चुकत असेल तर वीज खात्यातल्या कोणीतरी सांगा. एक टीएमसी पाणी पश्चिमेला पाडलं तर वरच्या रेटने साधारण साडेतीन कोटी युनिट. तेच पायथ्यातून पूर्वेला सोडलं तर अर्धा कोटी. म्हणजे नदीला एक टीएमसी दिलं तर तीन कोटी युनिटचा फटका, घरटी महिना १०० युनिट धरले तर पंचवीस हजार घरांची वर्षभराची वीज. लहान आकडा नाही, आणि तो लपवून नदीची बाजू मांडणं मला मान्य नाही. पण तेवढी वीज वीसेक मेगावॉटच्या सोलरमधून वर्षभरात होते, तेवढं सोलर तर आता तालुक्या-तालुक्यात उभं राहतंय. आणि संध्याकाळच्या पीकला लागणारं पाणी तसंच राहतं, कारण ६७.५ मधला हा एक टीएमसी म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही. तो एक टीएमसी जूनमधे पाऊस लागल्यावर, धरणात पाणी यायला लागलं की तीन दिवसांत सोडायचा, म्हणजे तीन दिवस सलग साधारण ३८०० क्युसेक; पायथ्याच्या दोन युनिटमधून २१०० च जातात, त्यामुळे बाकीचं वीज न करताच सोडावं लागेल आणि फटका तीन कोटींच्या थोडा वर जाईल. रोजचं पाणी आहे त्यावर हे जास्तीचं. त्याने नदी पहिल्यासारखी होणार नाही, खडस परत येईल असं पण मी म्हणत नाही. पण खालच्या पन्नासेक किलोमीटरमधे जे मासे अजून तग धरून आहेत त्यांना अंडी घालायचा इशारा तरी मिळेल. गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्राने २०१८ ला नियम केला की कुठल्या महिन्यात किती टक्के पाणी नदीत सोडायचंच. कोयनेला, वाशिष्ठीला, कृष्णेला असा नियम का नको? आणि केरा वगैरे ज्या नद्या अजून बऱ्यापैकी मोकळ्या आहेत त्या तशाच ठेवा. वीज पाहिजे तर कोयनेतून जास्त हुशारीने काढा, दिवसा सोलर पूर्ण वापरा आणि कोयनेचं पाणी संध्याकाळसाठी राखा. साताऱ्यात सध्या पंप स्टोरेजच्या (जास्तीच्या विजेने पाणी वर चढवायचं आणि गरजेला खाली पाडून वीज करायची) प्रकल्पांची चर्चा जोरात आहे, त्यातले जे आहे त्याच जलाशयाचं पाणी वर-खाली खेळवतात ते माझ्या मते ठीक, पण डोंगरात नवीन जंगल बुडवून आणि नवीन ओढा अडवून करणार असतील तर माझा विरोध राहील.

एक गोष्ट धरणाच्या बाजूने अजून, कारण बोटीतून ती डोळ्यांनी दिसते. गावं उठल्यावर त्या रिकाम्या डोंगरांवर जंगल परत आलं, १९८५ ला अभयारण्य झालं, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ ला पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कोयनेचं नाव. येताना किनाऱ्यावर गव्यांचा कळप पाणी पीत होता, मामांनी इंजिन बंद करून बोट नुसती तरंगत ठेवली, एक मोठा नर मान वर करून आमच्याकडे बघत होता, नाकपुड्यांतून वाफ दिसत होती एवढ्या जवळ. हे पण ह्याच पाण्याने दिलेलं आहे. ज्यांची शेतं बुडाली त्यांनी त्याची किंमत मोजली, त्यामुळे इथे जाताना स्थानिक माणसाचीच बोट घ्या, त्यांच्याकडेच जेवा, घासाघीस करू नका.

बोटसेवेला ५ पैकी ४, एक मार्क जॅकेट आणि टॉयलेटसाठी कापला, किनाऱ्यावर बायकांसाठी नीट सोय पाहिजे. जेवणाला ५. नेहरू उद्यानाला ४. नदीला वाटणीत जे मिळतंय त्याला मी २ देईन, आणि ते वाढवणं बोटवाल्यांच्या हातात नाही, जलसंपदाच्या आणि आपल्या हातात आहे. जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पावसाळ्यात वासोटा बंद असतो. मे मधे गेलात तर पाणी खूप आत गेलेलं असतं, बोटीपर्यंत चिखलातून चालावं लागतं, म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. सकाळी लवकर पोचा, उशिरा वासोट्यासाठी सोडत नाहीत. कॅश ठेवा, रेंज धड नसते. आणि पाटण, ढेबेवाडी, मोरगिरी भागातलं कोणी वाचत असेल तर खाली नक्की लिहा, तुमच्याकडे मृगाला चढणीचे मासे अजून येतात का, कुठल्या ओढ्याला येतात, आणि कधीपासून कमी झाले.